पैठणापासून दहा दिवस

लातूरहून एस.टी.नं ढोकी,
ढोकीहून तेरला वडाप.
टपावर कोंबड्यांचं खुराडं, आत सतरा माणसं,
आणि माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर
दोन हजार वर्षांपूर्वीचा पत्ता.
कोण्या यवन खलाशानं लिहून ठेवलेला:
पैठणापासून दहा दिवस, उगवतीला.
फार मोठं शहर.
बस्स.
ना गल्ली, ना तालुका, ना पिन.

चौतीस वर्षं टपालाच्या सॉर्टिंगला होतो मी.
असला पत्ता हाती आला असता
तर डावीकडच्या शेवटच्या खणात टाकला असता,
अपुरा म्हणून.
त्यानं तरी हे शहर कुठं पाहिलं असणार?
बंदरात बसून, गाडीवानांना विचारून लिहिलं असेल.
सुती कापड येतं तिथून, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

टेकाडावर चढलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं.
शहर म्हणावं असं काहीच नाही.
पांढरीची माती, चार बाभळी,
पावसानं कापलेल्या घळीत खापरं,
खापरांखाली चुलीची राख,
राखेखाली पुन्हा खापरं.

धाकटा मालवाहू जहाजावर फिटर आहे.
सकाळीच त्याचे फोटो आलेले,
ग्रीसच्या कुठल्याशा किनाऱ्यावरचं मोडकं शहर:
संगमरवरी खांब, निळं पाणी, आडवी बांधलेली दोरी.
"पप्पा, इथं दगडावर बसायलासुद्धा बंदी आहे."
मी बसलो. ऐसपैस.
शेजारी एक शेळी लेंड्या टाकत उभी.
उलट टपाली मीही फोटो पाठवला.
त्यानं विचारलं, "शहर कुठंय?"
"खाली," मी लिहिलं.
बराच वेळ त्याचं काही आलं नाही,
मग नुसता एक अंगठा.

हलीमाबी मनियारीण त्याच पायवाटेनं आली,
पाटी उतरवून बाभळीखाली टेकली.
तिच्या टाचेशी पांढरं, वाकडं काही रुतलेलं.
नखानं उकरलं, पदरानं पुसलं.
"शंखाची हाय."
तुकड्याचा बाक अंगठ्यावर धरून तिनं डोळे बारीक केले.
"सव्वादोन. लेकराची न्हाई, मोठ्या पोरीची.
हाड बारीक होतं तिचं."
किती जुनी असेल, मी विचारलं.
"त्ये मला काय म्हाईत? मी हात सांगते."

मी हात सांगते.

त्र्याण्णवचा ऑक्टोबर.
भूकंपानंतरही किल्लारीच्या पट्ट्यातली पत्रं
थैल्या भरभरून येतच होती.
सुखरूप आहात ना, ताबडतोब कळवा.
गावं उरली नव्हती, पत्ते शाबूत होते.
शेरा मारायचा असतो अशा वेळी: घेणारा सापडत नाही.
मारला. दिवसाला दोनशे, अडीचशे वेळा.
शाई संपली तेव्हा साहेबांनी दुसरी बाटली दिली.
एक पोस्टकार्ड मात्र मी तसंच ठेवून घेतलं,
नियमाबाहेर.
अजून कपाटात आहे.
त्यात फक्त एवढंच लिहिलंय की
शिवायला टाकलेलं झंपर तयार झालंय, दिवाळीला घेऊन येते.

कुणाला सांगितलं नव्हतं हे.
हलीमाबीलाही नाही सांगितलं.
ती पाटीवरचं फडकं सोडत होती.
"आलाच हायसा तर घरच्यांला न्या डझनभर.
लंबर किती?"

बत्तीस वर्षांचा संसार.
मला नंबर माहीत नव्हता.

"बोटांनी दावा."
मी अंगठा आणि मधलं बोट जुळवलं,
थोडं सैल केलं, पुन्हा आवळलं.
त्या गोलातून पलीकडे तेरणा दिसत होती,
पाण्यापेक्षा वाळूच जास्त.
"अडीच," ती म्हणाली, आणि हिरव्या काढल्या,
वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सुतळी बांधली.
खाली वडापवाला हॉर्न वाजवत होता.

तो शंखाचा तुकडा
तिनं होता तिथंच ठेवला, पालथा,
आणि वर चिमूटभर माती सारली.